प्रोटॉनचे चुंबकत्व मोजणारे ओटो श्टेर्न

१९३३ च्या मे महिन्यात जर्मनीतील हॅम्बर्ग विद्यापीठाच्या भौतिक रसायनशास्त्र संस्थेत मोजके संशोधक दिवसरात्र एका निर्वात नळीपाशी बसून होते. हायड्रोजनच्या रेणूंचा एक बारीक झोत चुंबकाच्या टोकांमधून सोडायचा आणि तो किती ढळतो हे पाहायचे, एवढेच त्यांचे काम होते. झोत ढळत होता तो मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका. मापन पूर्ण व्हायला अजून काही आठवडे हवे होते आणि संस्थेजवळ नेमके तेवढेच आठवडे उरले होते. एप्रिलमध्ये नाझी सरकारने ज्यू वंशाच्या सरकारी नोकरांना पदावरून दूर करणारा कायदा केला होता आणि त्या नळीपाशी बसलेल्यांपैकी बहुतेकजण ज्यू होते. संस्थेचे संचालक ओटो श्टेर्न हेही त्यांच्यापैकीच एक.

त्या घाईत हाती आलेल्या एका आकड्याने अणुकेंद्राविषयीच्या तत्कालीन समजुतीला धक्का दिला. आज किरणोत्सारी अणुकेंद्रांच्या क्षणभंगुर उत्तेजित अवस्थांचे चुंबकत्व मोजणाऱ्या ज्या प्रयोगशाळा जगभर, आणि आपल्या देशातही, काम करतात, त्यांच्या परंपरेचा उगम शोधू गेल्यास आपण याच नळीपाशी येऊन पोहोचतो.

ओटो श्टेर्न यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८८८ रोजी वरच्या सायलेशियातील सोराउ या गावी झाला. हे गाव तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये असून झोरी या नावाने ओळखले जाते. धान्य आणि पिठाच्या गिरण्यांच्या व्यवसायामुळे श्टेर्न कुटुंब सुखवस्तू होते. ओटो चार वर्षांचे असताना कुटुंब ब्रेस्लाउ शहरात स्थायिक झाले. घरच्या सुबत्तेमुळे तरुण ओटोला पोटापाण्याची चिंता न करता हव्या त्या विद्यापीठात, हव्या त्या प्राध्यापकाची व्याख्याने ऐकता आली. फ्रायबुर्ग, म्युनिक आणि पुन्हा ब्रेस्लाउ असा त्यांचा विद्यार्थिदशेतील प्रवास झाला. १९१२ मध्ये ओटो झाकुर यांच्या मार्गदर्शनाखाली भौतिक रसायनशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

त्यानंतर त्यांनी जे केले ते पगाराच्या विवंचनेत असलेल्या एखाद्या तरुणाला क्वचितच परवडले असते. त्यांनी थेट प्राग गाठले आणि तेथे प्राध्यापक असलेल्या आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे काम सुरू केले. काही महिन्यांतच आइन्स्टाइन झुरिचला गेले, तेव्हा श्टेर्नही त्यांच्या पाठोपाठ गेले. श्टेर्न यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे, त्यामुळे भौतिकशास्त्रातील कोणता प्रश्न खरोखर महत्त्वाचा आणि कोणता नुसताच अवघड, हे ओळखण्याची दृष्टी त्यांना आइन्स्टाइन यांच्या सहवासात मिळाली. दोघांनी मिळून १९१३ मध्ये एक शोधनिबंधही प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी नील्स बोर यांनी अणूचे नवे प्रारूप मांडले. इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांमध्येच फिरू शकतात, अधल्यामधल्या कक्षा त्यांना वर्ज्य असतात, हे त्यातील प्रतिपादन अनेकांना विक्षिप्त वाटले. झुरिचजवळच्या उएट्लीबेर्ग टेकडीवर फिरायला गेले असता श्टेर्न आणि त्यांचे मित्र माक्स फोन लाउए यांनी एक शपथ घेतली, अशी कथा सांगतात. बोर यांचा हा प्रकार खरा ठरला तर आपण भौतिकशास्त्र सोडून द्यायचे, अशी ती शपथ होती. सुदैवाने दोघांनीही ती पाळली नाही. पुढे लाउए यांना लवकरच, आणि श्टेर्न यांना फार उशिरा, नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१४ मध्ये श्टेर्न नव्यानेच स्थापन झालेल्या फ्रँकफुर्ट विद्यापीठात दाखल झाले आणि लगोलग पहिले महायुद्ध सुरू झाले. लष्करात त्यांच्याकडे हवामान निरीक्षणाचे काम आले. पूर्व आघाडीवरील लोम्झा या गावी तापमान आणि वायुभार नोंदवून झाल्यावर दिवसाचा बराचसा वेळ रिकामा राहत असे. हा वेळ त्यांनी किचकट सैद्धांतिक गणिते सोडविण्यात घालविला. त्यांचे गुरू झाकुर मात्र युद्धाच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबर १९१४ मध्ये, बर्लिनच्या प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात मृत्युमुखी पडले होते.

युद्धाच्या अखेरच्या काळात श्टेर्न बर्लिनमध्ये होते. तेथे माक्स फोल्मर यांच्यासह केलेले काम श्टेर्न यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत आटोपले जाते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू पुन्हा प्रकाश बाहेर टाकून शांत होतो. मधला काळ, म्हणजेच उत्तेजित अवस्थेचे आयुष्य, किती असते? सेकंदाच्या अब्जांश भागाएवढा काळ मोजणारे घड्याळ तेव्हा कुठून असणार! श्टेर्न आणि फोल्मर यांनी घड्याळाऐवजी रेणूंच्या आपसातील टकरींचाच उपयोग केला. टकरी वाढल्या की उत्तेजित रेणू प्रकाश देण्याआधीच शांत होतात आणि चमक मंदावते. ती किती मंदावली यावरून आयुष्याचा हिशेब मांडता येतो. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे समीकरण श्टेर्न-फोल्मर समीकरण म्हणून आजही रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकविले जाते. जी गोष्ट थेट मोजता येत नाही तिला दुसऱ्या, मोजता येण्याजोग्या गोष्टीशी बांधून घ्यायचे, ही श्टेर्न यांची रीत येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

युद्धानंतर श्टेर्न फ्रँकफुर्टला माक्स बोर्न यांच्या विभागात परतले. तोवर त्यांचा ओढा सिद्धांताकडून प्रयोगाकडे वळला होता. तापविलेल्या धातूची वाफ निर्वात पोकळीत एका बारीक फटीतून सोडली की तिचे अणू एकमेकांना न धडकता सरळ रेषेत जातात. अशा झोताला रेणवीय शलाका असे नाव मिळाले. या शलाकेच्या साहाय्याने १९२० मध्ये श्टेर्न यांनी चांदीच्या अणूंचा वेग प्रत्यक्ष मोजला. वायूंच्या गतिज सिद्धांताने साठ वर्षांपूर्वी कागदावर वर्तविलेली गोष्ट प्रथमच उपकरणात दिसली.

पुढच्या प्रयोगाची कल्पना त्यांना अंथरुणात सुचली. सकाळ थंडीची होती, प्रयोगशाळेत जायला अजून अवकाश होता आणि पांघरुणातून बाहेर पडण्याची इच्छा नव्हती. पडल्या पडल्या ते आदल्या दिवशीच्या चर्चेतील एका मुद्द्याचा विचार करीत राहिले. अणू हा एक छोटासा चुंबक असतो. या चुंबकाचे सामर्थ्य दर्शविणाऱ्या राशीला चुंबकीय परिबल असे म्हणतात. (घाईघाईच्या भाषांतरात या संज्ञेचा ‘चुंबकीय क्षण’ असा मौजेचा अवतार अधूनमधून वाचायला मिळतो, येथे क्षणाचा काही संबंध नाही.) जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे हा चुंबक अवकाशात कोणत्याही दिशेला तोंड करून राहू शकतो. नव्या पुंज सिद्धांताप्रमाणे मात्र त्याला मोजक्याच दिशांची मुभा आहे. मग अणूंची शलाका असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडली तर काय होईल? जुना सिद्धांत खरा असेल तर ती नुसती पसरेल, नवा खरा असेल तर तिचे तुकडे पडतील.

बोर्न यांना स्वतःला या कल्पनेत फारसा दम वाटत नव्हता. दिशांवरील बंधन ही केवळ गणिती सोय आहे, तिला शब्दशः घेऊ नये, असे त्यांचे मत होते. तरीही प्रयोगासाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. जर्मनीत चलनवाढीने कहर मांडला होता. सापेक्षतावादाचे कुतूहल शिगेला पोहोचलेले पाहून बोर्न यांनी या विषयावर तिकीट लावून जाहीर व्याख्याने दिली आणि ती मिळकत प्रयोगाकडे वळविली. तीही अपुरी पडली तेव्हा न्यूयॉर्कचे धनिक हेन्री गोल्डमन यांचा काहीशे डॉलरचा धनादेश कामी आला.

प्रत्यक्ष उपकरण उभारण्यात श्टेर्न यांना वाल्टर गेर्लाख यांची साथ मिळाली. श्टेर्न यांच्याकडे कल्पना होती तर गेर्लाख यांच्याकडे हात होता. सुमारे हजार अंश सेल्सियसला तापविलेली भट्टी आणि तिच्यापासून काही सेंटिमीटरवर अत्यंत निर्वात अवस्था या दोन्ही गोष्टी एकाच काचेच्या भांड्यात टिकवून धरणे, हे काम त्या काळी कमालीचे कष्टाचे होते. काच तडकत असे, पंप बंद पडत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. शलाका ज्या फटीतून जाई ती मिलिमीटरच्या तीन शतांश भागाएवढी अरुंद होती. चुंबकाची लांबी साडेतीन सेंटिमीटर होती.

याच प्रयोगाशी निगडित असलेली चिरुटाची कथा विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाली आहे. काचपट्टीवर जमलेला चांदीचा थर इतका पातळ होता की गेर्लाख यांना प्रथम काहीच दिसेना. त्यांनी ती पट्टी श्टेर्न यांच्या हाती दिली. श्टेर्न ती न्याहाळू लागले आणि पाहता पाहता तिच्यावर काळी रेघ उमटली. श्टेर्न यांना चिरुटांचा षौक होता आणि त्या काळच्या तुटपुंज्या पगारात त्यांना स्वस्त चिरुटच परवडत. त्यांतील गंधकाने चांदी काळी पडली होती. पुढे नव्या शतकाच्या आरंभी दोन शास्त्रज्ञांनी ही कथा खरी आहे का याची मुद्दाम चाचणी घेतली. नुसत्या उच्छ्वासाने काही घडले नाही, मात्र चिरुटाच्या धुराने चांदी खरोखरच काळवंडली. तेव्हा त्या दिवशी श्टेर्न यांच्या तोंडात पेटता चिरूट असावा, असे म्हणण्यास हरकत नाही.

निर्णायक निरीक्षण ७ आणि ८ फेब्रुवारी १९२२ च्या दरम्यान झाले. तोवर श्टेर्न रोस्टोक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले होते, त्यामुळे तो क्षण गेर्लाख यांच्या वाट्याला आला. पट्टीवर एक रेघ नव्हती, दोन होत्या. त्यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या केवळ एक पंचमांश होते, पण मधली जागा रिकामी होती. बोर बरोबर होते, अशा आशयाची तार गेर्लाख यांनी श्टेर्न यांना पाठविली. बोर यांना त्या पट्टीचे छायाचित्र असलेले पत्र गेले. ज्या सिद्धांतापायी भौतिकशास्त्र सोडण्याची शपथ घेतली होती, त्यालाच श्टेर्न यांच्या प्रयोगाने आधार दिला.

गंमत अशी की, बोर यांच्या सिद्धांताने दोन रेघांचे जे कारण दिले होते ते चुकीचे होते. खरे कारण इलेक्ट्रॉनचे स्वतःचे परिवलन हे होते आणि ती संकल्पना १९२५ पर्यंत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. श्टेर्न-गेर्लाख प्रयोगाचा पुरता अर्थ लागण्यास त्यानंतरही काही वर्षे गेली. प्रयोग आधी आणि उलगडा मागाहून, हा क्रम श्टेर्न यांच्या आयुष्यात आणखी एकदा घडायचा होता.

१९२३ च्या प्रारंभी श्टेर्न हॅम्बर्गला आले. पुढची दहा वर्षे हा त्यांच्या कर्तृत्वाचा बहराचा काळ होता. १९२६ मध्ये त्यांनी रेणवीय शलाकेच्या साहाय्याने करावयाच्या संशोधनाचा एक आराखडाच प्रसिद्ध केला आणि एकेक उद्दिष्ट गाठीत ते पुढे गेले. या मालिकेतील शोधनिबंधांची संख्या अखेरीस ३० झाली. प्रयोगशाळेत ते स्वतः उपकरणाला फारसा हात लावीत नसत, चिरूट ओढत बारीक नजरेने पाहत राहत. मात्र प्रयोगाला हात घालण्यापूर्वी अपेक्षित फलिताचे आणि संभाव्य चुकांचे गणित शेवटच्या दशांशापर्यंत मांडून ठेवण्याचा त्यांचा आग्रह असे.

या आग्रहाचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अणूदेखील लहरींसारखे वागतात, हे दाखविणारा प्रयोग त्यांनी हेलियमची शलाका लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकावर पाडून यशस्वी केला. पण सिद्धांतातून येणारी आणि प्रत्यक्ष मोजलेली तरंगलांबी यांत तीन टक्क्यांची तफावत येत होती. दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. श्टेर्न यांचा स्वतःच्या हिशेबावर विश्वास होता. त्यांच्या मते एवढी चूक शक्यच नव्हती. सगळे उपकरण पुन्हा तपासले तेव्हा अणूंचा वेग निवडणाऱ्या फिरत्या चक्रीवरील खाचा मोजण्याची वेळ आली. कारागिराला ४०० खाचा पाडायला सांगितल्या होत्या. मोजल्यावर त्या ४०८ भरल्या. हिशेब दुरुस्त होताच तफावत जवळजवळ नाहीशी झाली.

हॅम्बर्गमध्ये श्टेर्न यांचे निकटचे मित्र होते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली. दोघे बहुधा रोज एकत्र जेवत. पाउली जवळपास आले तरी उपकरणे बिघडतात, अशी भौतिकशास्त्रज्ञांमध्ये थट्टा होती. एवढ्या काटेकोर श्टेर्न यांनी ती इतकी मनावर घेतली होती की पाउलींना त्यांच्या प्रयोगशाळेत प्रवेश नव्हता! देशोदेशींचे तरुण मात्र तेथे येत. अमेरिकेतून आलेले इसिडोर राबी, इटलीचे एमिलियो सेग्रे, व्हिएन्नाचे ओटो फ्रिश ही त्यांतील काही नावे. इमानुएल एस्टरमान हे तर आरंभापासूनचे सहकारी.

आराखड्यातील सर्वांत अवघड उद्दिष्ट होते अणुकेंद्राचे चुंबकीय परिबल मोजणे. परिबल वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १,८३६ पटींनी जड आहे. त्यामुळे प्रोटॉनचे चुंबकत्वही त्याच प्रमाणात क्षीण असणार, हे उघड होते. या अपेक्षित मूल्याला केंद्रीय मॅग्नेटॉन हे एकक मानले गेले. पॉल डिरॅक यांचे इलेक्ट्रॉनसाठीचे समीकरण कमालीचे यशस्वी ठरल्यामुळे प्रोटॉनचे परिबल बरोबर एक केंद्रीय मॅग्नेटॉन असणार, याविषयी सैद्धांतिक वर्तुळात शंका नव्हती. उत्तर ठाऊक असताना एवढा खटाटोप कशासाठी, असे श्टेर्न यांना अनेकांनी विचारले. एका चर्चासत्रात त्यांनी उपस्थित सैद्धांतिकांना आपापले भाकीत कागदावर लिहून खाली सही करायला लावली, अशी आठवण सांगितली जाते.

प्रयोगासाठी त्यांनी हायड्रोजनचे रेणू निवडले. हायड्रोजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध दिशांना परिवलन करीत असल्याने त्यांचे प्रबळ चुंबकत्व एकमेकांना छेद देते आणि मागे उरते ते प्रोटॉनांचे मंद चुंबकत्व. त्यात रेणू स्वतः गरगरत असल्यामुळे निर्माण होणारे थोडे चुंबकत्व मिसळलेले असते. हा वाटा वेगळा काढण्यासाठी ज्यातील दोन प्रोटॉन एकमेकांच्या विरुद्ध असतात असा पॅराहायड्रोजन वापरण्यात आला. त्यात प्रोटॉनांचा परिणाम शून्य असतो, म्हणून जे ढळणे दिसेल ते केवळ रेणूच्या गरगरण्याचे. ते साध्या हायड्रोजनच्या ढळण्यातून वजा केले की उरेल ते प्रोटॉनचे. युक्ती ऐकायला सोपी वाटते, पण १९३३ च्या साधनांनी ती तडीस नेणे हा भौतिकशास्त्रातील एक थोर पराक्रम म्हटला पाहिजे.

उत्तर एक आले नाही. ते दोन आणि तीन यांच्या दरम्यान आले. नंतरच्या अधिक नेमक्या मापनात ते अडीच केंद्रीय मॅग्नेटॉन ठरले आणि त्यात चुकीचा संभव दहा टक्क्यांचा होता. सह्या करणाऱ्यांपैकी कोणाचेही भाकीत या जवळपास नव्हते. जड हायड्रोजनच्या केंद्रावरही मापन झाले आणि त्यावरून असा निष्कर्ष निघाला की विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनलाही चुंबकत्व असले पाहिजे. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनसारखा बिंदुवत मूलकण नसून त्याला काही अंतर्गत घडण असावी, याची ही पहिली प्रायोगिक खूण होती. ती घडण क्वार्कच्या रूपाने स्पष्ट होण्यास आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला. आजचे स्वीकृत मूल्य २.७९३ आहे.

पहिला निबंध मे अखेरीस आणि दुसरा जुलैच्या मध्याला प्रकाशनासाठी गेला. या दोन तारखांच्या दरम्यान संस्था मोडली. एस्टरमान, फ्रिश आणि रॉबर्ट श्नुरमान यांना पदावरून दूर करण्यात आले. महायुद्धातील सेवेमुळे श्टेर्न यांचे स्वतःचे पद तूर्त सुरक्षित होते. गप्प बसून ते आणखी काही काळ टिकवता आले असते, आणि तसे करणारे पुष्कळ होते. श्टेर्न यांनी राजीनामा दिला. त्याआधी ते युरोपभर हिंडले ते आपल्या सहकाऱ्यांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी. फ्रिश यांना रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्याकडे जाण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती, परत येण्यास पद उरले नाही या कारणाने रद्द झाली होती. श्टेर्न यांच्या खटपटीमुळे त्यांना लंडनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. याच फ्रिश यांनी १९३८ च्या नाताळात आपली मावशी लीझे माइटनर यांच्यासह युरेनियमच्या विखंडनाचा अर्थ लावला.

जाण्यापूर्वीच्या त्या अखेरच्या महिन्यांतही हॅम्बर्गचे काम थांबले नाही. प्रकाशाचा एकेक कण आदळल्याने सोडियमचा अणू किंचित मागे ढकलला जातो, हे फ्रिश यांनी तेथेच दाखविले. लेझरने अणू थोपवून धरण्याचे अलीकडचे तंत्र याच परिणामावर उभे आहे.

श्टेर्न आणि एस्टरमान अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रशास्त्र संस्थेत रुजू झाले. १९३९ मध्ये श्टेर्न यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. तेथे त्यांना पद मिळाले, मान मिळाला, पण हॅम्बर्ग पुन्हा उभे राहिले नाही. मंदीच्या काळात पैसा अपुरा होता आणि दहा वर्षांत घडविलेला सहकाऱ्यांचा तो संच जगभर विखुरला होता. प्रोटॉनचे मापन त्यांनी १९३७ मध्ये अधिक काटेकोरपणे पुन्हा केले खरे, परंतु त्यांच्या पद्धतीची धुरा आता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील राबी यांच्याकडे गेली होती. चुंबकीय क्षेत्राच्या जोडीला रेडिओलहरींचा उपयोग करून राबी यांनी १९३८ मध्ये परिबलाच्या मापनाची अचूकता कितीतरी पटींनी वाढविली. आण्विक घड्याळे आणि रुग्णालयांतील एमआरआय यंत्रे यांचे मूळ येथे आहे.

नोबेल पारितोषिकासाठी १९२५ पासून श्टेर्न यांचे नाव ८० हून अधिक वेळा सुचविले गेले होते. अखेर १९४३ सालासाठी राखून ठेवलेले पारितोषिक त्यांना १९४४ मध्ये जाहीर झाले. त्याच वेळी १९४४ चे पारितोषिक राबी यांना मिळाले. गुरुशिष्यांचा असा एकाच वेळी झालेला गौरव विरळाच. युद्धामुळे स्टॉकहोमचा समारंभ झाला नाही. गौरवपर भाषण १० डिसेंबर रोजी स्वीडनच्या आकाशवाणीवरून प्रसारित करण्यात आले. पारितोषिकाच्या अधिकृत मजकुरात रेणवीय शलाका पद्धतीचा आणि प्रोटॉनच्या चुंबकीय परिबलाचा उल्लेख आहे, श्टेर्न-गेर्लाख प्रयोगाचा नाही. गेर्लाख हे त्या वेळी जर्मनीच्या युद्धकालीन युरेनियम प्रकल्पाचे प्रमुख होते आणि या मौनाचे कारण तेच असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. भाषणात मात्र त्या प्रयोगाचे नाव घेतले गेले. एका काचपट्टीवर ज्यांची नावे कायमची जोडली गेली, ते दोघे बावीस वर्षांनंतर एका महायुद्धाच्या दोन बाजूंना उभे होते.

श्टेर्न यांनी मोजले ते स्थिर अवस्थेतील केंद्र. त्यानंतरच्या पिढ्यांनी तीच राशी उत्तेजित अवस्थेतील, काही वेळा सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी काळ टिकणाऱ्या केंद्रांवर मोजली. येथे शलाका ढळण्याची वाट पाहता येत नाही, कारण तोवर ते केंद्र त्या अवस्थेत उरलेलेच नसते. म्हणून केंद्राने बाहेर टाकलेल्या गॅमा किरणांची दिशा पाहिली जाते. पहिला गॅमा किरण उत्तेजित अवस्थेच्या जन्माची वर्दी देतो, दुसरा तिच्या अंताची. दोहोंमधील काळ मोजला की आयुष्य कळते. या काळात चुंबकीय क्षेत्रामुळे केंद्राचा अक्ष भोवऱ्यासारखा जितका फिरला असेल, तितकाच दुसऱ्या किरणांचा आकृतिबंधही फिरलेला दिसतो आणि त्या कोनावरून परिबल मिळते. एक टेस्ला क्षेत्रात एक नॅनोसेकंदात हा कोन दोन-तीन अंशांच्या घरात असतो. आयुष्य पिकोसेकंदांचे असेल तर बाहेरचे कोणतेही चुंबक पुरे पडत नाही. तेव्हा केंद्राला लोखंड किंवा गॅडोलिनियमच्या पातळ पत्र्यातून धाडतात, जेथे त्याला क्षणमात्र हजारो टेस्लांचे क्षेत्र अनुभवास येते. आयुष्य मोजण्यासाठी घड्याळाऐवजी अंतरही वापरतात. प्रकाशाच्या तीन टक्के वेगाने निघालेले केंद्र एका पिकोसेकंदात मिलिमीटरच्या शतांश भागाएवढे अंतर कापते; वाटेत निघालेला किरण आणि थांबल्यावर निघालेला किरण यांच्या ऊर्जेतील फरकावरून किती केंद्रे वाटेतच शांत झाली हे समजते. श्टेर्न-फोल्मर यांच्या टकरींचा हिशेब ज्यांना आठवेल, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

हे सारे कशासाठी, तर केंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन कोणत्या रचनेत बसले आहेत हे चुंबकीय परिबलाइतक्या स्पष्टपणे फार थोड्या राशी सांगतात. अणुकेंद्राच्या कवच प्रारूपाला १९४९ नंतर जी मान्यता मिळाली त्यात या आकड्यांचा मोठा वाटा होता. ते प्रारूप मांडणाऱ्या दोघांपैकी हान्स येन्सेन यांचे शिक्षण हॅम्बर्गमध्ये, श्टेर्न तेथे असतानाच झाले होते. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. व्ही. ठोसर यांच्या गटाने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात किरणोत्सारी केंद्रांच्या उत्तेजित अवस्थांचा अभ्यास सुरू केला. कुलाब्यातील याच संस्थेच्या आवारात १९८८ मध्ये पेलेट्रॉन त्वरक सुरू झाला आणि १९९१ मध्ये तसाच त्वरक नवी दिल्लीतील, आता आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत आला. त्यामुळे आपल्या संशोधकांनाही अल्पायुषी केंद्रे येथेच निर्माण करून त्यांच्यावर अशी मापने करता येऊ लागली.

श्टेर्न मात्र या नव्या प्रयोगांकडे दुरूनच पाहत होते. युद्ध संपताच त्यांनी निवृत्ती घेतली आणि कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ते राहायला गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. बहिणी त्याच भागात राहत होत्या. विद्यापीठातील व्याख्यानांना ते अधूनमधून येऊन बसत, पण नवे संशोधन हाती घेतले नाही. युरोपात जात ते झुरिचला, जुन्या मित्रांना भेटायला. जर्मनीत पुन्हा राहण्याचा विचार त्यांनी केला नाही. चिरूट, उत्तम जेवण आणि चित्रपट या त्यांच्या आवडी अखेरपर्यंत कायम होत्या. १७ ऑगस्ट १९६९ रोजी बर्कलीच्या एका चित्रपटगृहात चित्रपट पाहत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८१ वर्षांचे होते.